खाटेशेजारची सोनोग्राफी आणि थकलेली फुफ्फुसे

फुफ्फुसे निकामी होऊ लागलेल्या रुग्णाला व्हेंटिलेटरसकट सीटी स्कॅनपर्यंत नेणे धोक्याचे असते. सिमरोलहून खंडवा रस्त्याने इंदूरच्या अतिदक्षता विभागात पोचलेल्या अशा रुग्णाची छाती सोनोग्राफीने खाटेवरच, काही मिनिटांत तपासता येते.

निरोगी फुफ्फुसातली हवा ध्वनिलहरी परतवते, म्हणून फुफ्फुस स्वतः दिसत नाही. दिसते ती त्याच्या आवरणाची श्वासागणिक सरकणारी चकाकती रेघ आणि तिच्याखाली समान अंतरावर आडव्या ‘ए’ रेषा.

फुफ्फुसात पाणी साचू लागले की आवरणापासून पडद्याच्या तळापर्यंत उभ्या ‘बी’ रेषा उतरतात. दोन बरगड्यांमधल्या एका फटीत अशा तीन किंवा अधिक रेषा दिसणे हे बिघाडाचे लक्षण. न्यूमोनियाने घट्ट झालेला भाग यकृतासारखा दिसतो.

रेघ सरकत असेल, तर त्या जागी न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुफ्फुसाभोवती साचलेली हवा, नाही. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णात ही खात्री फार मोलाची. सरकणे थांबण्याची कारणे मात्र अनेक असतात. तेवढ्यावरून छातीत नळी घालू नये.

फ्रेंच डॉक्टर डॅनिएल लिश्टेनस्टाइन यांनी २००८ मध्ये फुफ्फुसांच्या सोनोग्राफीवरून श्वसनविकाराचे निदान करण्याचा ‘ब्लू प्रोटोकॉल’ मांडला. त्यांच्या २६० रुग्णांत सुमारे ९० टक्के निदाने बरोबर ठरली. फुफ्फुसे अचानक निकामी होण्याच्या ‘एआरडीएस’ या गंभीर विकाराच्या २०२३ च्या जागतिक व्याख्येत सोनोग्राफीलाही स्थान मिळाले.

हृदय कमजोर झाल्यानेही ‘बी’ रेषा येतात, म्हणून हृदयही पाहावेच लागते.

भारतात १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार सोनोग्राफी यंत्राची नोंदणी बंधनकारक आहे. अतिदक्षता विभागातले यंत्रही त्याला अपवाद नाही.