तीळगुळातले मीठ

आज मकरसंक्रांत. घरोघरी हातावर तीळगूळ ठेवला जाईल आणि गोड बोलण्याचा प्रेमळ आग्रह होईल. परंतु गोड बोलणे म्हणजे नेमके काय? चाळीस वर्षे कीर्तनातून वाणीचा महिमा गाणाऱ्या आम्हांस त्याचा अर्थ भामरागडला एका ख्रिस्ती भगिनीने शिकविला.

पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमाजवळ, गडचिरोलीच्या अरण्यात भामरागड वसले आहे. काही वर्षांपूर्वी संक्रांतीच्या सुमारास तेथे आमचे कीर्तन होते. पूर्वरंगात स्वधर्मनिष्ठेचे निरूपण चालले असता, श्रोत्यांनी हसावे म्हणून आम्ही धर्मांतर केलेल्यांवर एक बोचरा विनोद केला. मंडळी हसली, आम्ही सुखावलो. स्त्रियांमध्ये बसलेल्या एक परिचारिका ख्रिस्ती आहेत, हे आम्हांस ठाऊक नव्हते.

आरतीनंतर त्याच बाई तांब्यात कोमट पाणी घेऊन आल्या. म्हणाल्या, "महाराज, आवाज बसला आहे. मीठ टाकून आणले आहे, गुळण्या करा." त्या कोण, हे यजमानांनी हळूच सांगितले तेव्हा आमची मान खाली गेली. आम्ही क्षमा मागितली. त्या शांतपणे म्हणाल्या, "निरूपण फार आवडले, महाराज. विनोद तेवढा लागला. बोलण्याला मिठाची चव असावी, असे आमच्या शास्त्रात सांगितले आहे. ते मीठ जखमेवर पडू नये, एवढेच."

घरी परतल्यावर आम्ही ते वचन शोधले. संत पौलाने कलस्सै येथील मंडळीस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात ते आहे. पौल तेव्हा बंदिवासात होता. विशेष हे की, आपल्या पंथाबाहेरच्या लोकांशी कसे वागावे, हे सांगतानाच तो वाणीत कृपा असावी असे म्हणतो. आपल्या माणसांशी कोणीही गोड बोलेल. कसोटी लागते ती परक्यांशी बोलताना.

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी वाणीचे तप सांगितले आहे. वचन उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असावे. नुसते प्रिय बोलणे ही खुशामत होय आणि सत्याच्या नावाखाली टोचणे ही हिंसा होय. आमचा विनोद या कसोटीवर उतरला नाही. त्या बाईंचे बोलणे मात्र चारही लक्षणांनी युक्त होते. 'लागले' हे सत्य त्यांनी लपविले नाही आणि आम्हांस दुखविलेही नाही.

महाराष्ट्राला हे नवे नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. समाजाचा रोष ओढवला, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. तरी टिळकांची तुकोबांवरील भक्ती ढळली नाही; ख्रिस्ताची भजने त्यांनी मराठी संतांच्याच वळणाने रचली. पुढे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. तीतही विनोद आहे. पण तो बहुधा स्वतःवर किंवा घरच्यांवर, आणि मायेने केलेला.

भामरागडशेजारीच हेमलकसा येथे १९७३ साली बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे आधी माडिया बोली आत्मसात केली. भेदरलेल्या रुग्णाशी त्याच्याच बोलीत बोलणे, हाही वाक्तपाचाच एक प्रकार नव्हे काय?

तो विनोद आम्ही कीर्तनातून कायमचा काढून टाकला. मंडळी थोडी कमी हसतात. पण व्यासपीठावरून समोर पाहताना आता संकोच वाटत नाही.

वाचकहो, आज तीळगुळाची वडी आप्तेष्टांना तर द्यालच. एक वडी अशा घरीही न्यावी, जेथील देव्हारा आपल्यासारखा नाही; आणि ती देताना मागच्या वर्षी आपला एखादा शब्द तेथे कोणास लागला होता काय, हेही मनोभावे आठवून पाहावे.