वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया : निर्णयाआधी आणि निर्णयानंतर



आजचा विषय तुम्ही पत्रिकेत वाचलाच आहे. वजन कमी करण्यासाठी केली जाणारी शस्त्रक्रिया, म्हणजे बॅरिअॅट्रिक सर्जरी. 'आम्ही' म्हणजे सर्जन, फिजिशियन, आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक अशी आमची टीम. बोलणारा एक असला तरी सांगणं सगळ्यांचं आहे.

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "किती किलो उतरतील?" प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा हवा : ऑपरेशननंतर रोज काय करावं लागेल, आणि ते मला आणि माझ्या घराला जमेल का? ऑपरेशन तास-दोन तासांत संपतं. पुढचं वेळापत्रक मात्र आयुष्यभराचं असतं.

आळशीपणाचा शिक्का

आधी एक गोष्ट साफ करू. "तोंडावर ताबा नाही" हे वाक्य जाड माणसानं लहानपणापासून ऐकलेलं असतं. पण शरीर वजन राखायला धडपडतं. आपण खाणं कमी केलं की भूक वाढवणारी संप्रेरकं वाढतात आणि शरीर ऊर्जा जपून वापरायला लागतं. म्हणून डाएट करून उतरलेले दहा किलो दोन वर्षांत बारा होऊन परत येतात. त्यात माणसाची इच्छाशक्ती कमी पडली असं नसतं, शरीराची यंत्रणाच त्याच्या विरुद्ध काम करत असते.

आपल्या लोकांची आणखी एक अडचण आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणजे काट्यावर सारखे दिसणारे दोघे आतून वेगळे. भारतीयांमध्ये कमी वजनालाही मधुमेह का गाठतो, ते यातून कळतं.

कोणासाठी?

बीएमआय काढणं सोपं आहे. किलोमधलं वजन घ्या, मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागा. उंची १.६० मीटर आणि वजन ९६ किलो असेल, तर ९६ भागिले २.५६, म्हणजे ३७.५.

१९९१ साली अमेरिकेत निकष ठरले : बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत गंभीर आजार. जगभर तीस वर्षं हेच चाललं. २०२२ साली अमेरिकेच्या आणि आंतरराष्ट्रीय अशा दोन्ही शल्यसंघटनांनी मिळून ते बदलले. आता ३५ च्या वर सोबत आजार असो वा नसो, आणि ३० च्या वर मधुमेहासारखा आजार असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा असं सांगितलं जातं. आशियाई लोकांसाठी हा उंबरठा आणखी खाली, २७.५ पासून आहे.

इथे घराच्या बजेटशी संबंध येतो. आपल्याकडच्या आरोग्य विमा पॉलिसींमध्ये अट जुन्याच आकड्यांची असते : ४०, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार, शिवाय आधी इतर उपाय करून झालेले असावेत. म्हणजे डॉक्टर "करायला हरकत नाही" म्हणतील आणि विमा कंपनी "बसत नाही" म्हणेल, असं होऊ शकतं. म्हणून तारीख ठरवण्याआधी लेखी पूर्वमंजुरी घ्या. आणि हिशेब करताना फक्त ऑपरेशनचं बिल धरू नका. पुढच्या गोळ्या, प्रोटीन पावडर, दर वर्षीच्या रक्ततपासण्या हाही खर्च आहे, आणि तो थांबत नाही.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

दोन प्रकार जास्त प्रचलित आहेत. दोन्ही दुर्बिणीतून होतात.

पहिला स्लीव्ह. यात जठराचा साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. काढलेल्या भागात घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक तयार होत असतं, त्यामुळे भूकही मंदावते. काढलेला भाग परत बसवता येत नाही, हे लक्षात ठेवा. ज्यांना आधीपासून ॲसिडिटीचा, छातीत जळजळीचा मोठा त्रास आहे, त्यांचा त्रास स्लीव्हनंतर वाढू शकतो.

दुसरा बायपास. यात जठराच्या वरच्या टोकाची अगदी छोटी, साधारण ३० मिलिलिटरची पिशवी करतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. अन्नाचा रस्ता बदलतो, संप्रेरकं बदलतात. मधुमेहावर याचा परिणाम चांगला होतो, पण जीवनसत्त्वांची कमतरता होण्याचा धोकाही जास्त असतो.

धोके आहेतच. रक्तस्राव, पायात रक्ताची गुठळी, टाक्यांच्या जागेतून गळती. अनुभवी टीमच्या हातात हे प्रमाण कमी असतं, पण शून्य नसतं. घरी गेल्यावर नाडी जोरात चालली, ताप आला, पोटात वाढती कळ आली किंवा धाप लागली तर 'गॅस असेल' म्हणून ओवा-सोडा देत बसू नका. लगेच रुग्णालयात या. आणि सिगरेट, तंबाखू, मिश्री हे ऑपरेशनच्या काही आठवडे आधीच बंद करायचं. मिश्री हे व्यसन धरतच नाहीत पुष्कळ बायका, म्हणून आम्ही मुद्दाम नाव घेऊन विचारतो.

मिळतं काय?

स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेला एक मोठा अभ्यास आहे. ऑपरेशन केलेले आणि न केलेले अशा दोन गटांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. २००७ साली त्यांनी सांगितलं की ऑपरेशन केलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी होतं. बायपास झालेल्यांचं वजन एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं आणि दहा वर्षांनी २५ टक्के उतरलेलं होतं. म्हणजे मूळ वजन १२० किलो असेल, तर आधी साधारण ८२ पर्यंत आणि मग ९० पर्यंत. थोडं वजन परत येतं, ते जवळजवळ सगळ्यांचं येतं. हे आधीच माहीत असेल तर चौथ्या वर्षी काटा तीन किलोंनी वर गेल्यावर माणूस लाजून तपासणीला यायचं बंद करत नाही. आम्हाला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच असते, न येणाऱ्याची.

पहिले महिने

सुरुवातीला फक्त पातळ : नारळपाणी, गाळलेलं डाळीचं पाणी, पातळ ताक. मग मऊ, वाटलेलं. मग हळूहळू नेहमीचं. प्रत्येक टप्पा किती दिवसांचा ते तुमची टीम सांगेल. शेजारच्या काकूंनी दहाव्या दिवशी भाकरी खाल्ली म्हणून आपण खायची नाही.

पाणी घोट घोट, दिवसभर. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. आपल्याकडे पानाशेजारी तांब्या-भांडं ठेवायची सवय, तीच मोडावी लागते. घास लहान, चावून चावून. एक जेवण वीस-तीस मिनिटांचं, आणि तेही अर्ध्या-पाऊण वाटीचं.

गोड खाल्लं की काहींना, विशेषतः बायपासनंतर, घाम फुटतो, धडधडतं, जुलाब होतात. याला डम्पिंग म्हणतात. श्रीखंडाच्या दोन चमच्यांनी हे होऊ शकतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात. बहुतेकांचे परत येतात, पण त्यासाठी प्रथिनं पोटात जायला हवीत.

स्वयंपाकघराचा प्रश्न

दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं, हे आमचं पालुपद असतं. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात पाच-सहा. १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८. बांगडा, सुरमई, चिकन खाणाऱ्यांचं काम सोपं होतं. शाकाहारी माणसाला मात्र दही, पनीर, सोयाबीन, मोड आलेली कडधान्यं यांचा हिशेब रोज मांडावा लागतो. जागा अर्ध्या वाटीची, त्यात पोहे भरले तर वरणाला जागा कुठून राहणार? म्हणून ताटात आधी प्रथिनं, मग भाजी, आणि जागा उरलीच तर भात-पोळी.

उपासाचं काय? साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. पहिल्या वर्षात निर्जळी उपास नकोच. पुढे उपास करायचाच असेल तर दूध, दही, पनीर, राजगिरा, शेंगदाणे यांवर बेतता येतो, पण आहारतज्ज्ञाला विचारून.

आणि मग आपला आग्रह! "माझ्या हातचं एवढंसं पण नाही का?" लग्नाच्या पंगतीत हे वाक्य चुकत नाही. दुसरीकडे लहानपणापासून शिकवलेलं असतं की पानात काही टाकायचं नाही. या दोन्हींच्या मध्ये नवं जठर सापडतं. एक घास जास्त झाला की उलटी होते, चारचौघांत शोभा होते. म्हणून आम्ही ऑपरेशनच्या आधी एकदा घरातल्या सगळ्यांना बोलावतो. जो स्वयंपाक करतो त्याला आणि जो आग्रह करतो त्यालाही. पान वाढायच्या आधीच "मला अर्धं वाढा" म्हणायचं, छोटी ताटली घ्यायची, आणि घरच्यांनी ते एका शब्दात मान्य करायचं. पेशंट बाईच असेल आणि घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं जेवायची तिची रीत असेल, तर ती रीत बदलल्याशिवाय ऑपरेशन टिकत नाही. तिचं पान वेळेवर आणि आधी वाढलं जायला हवं.

गोळ्या आणि तपासण्या

मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. ही यादी जन्मभराची आहे. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास ठेवायचे. "आता बरं वाटतंय" म्हणून गोळ्या सोडल्या तर लगेच काही होत नाही, फसगत इथेच होते. दोन-तीन वर्षांनी पायाला मुंग्या, दम, थकवा, हाडं दुखणं असं सुरू होतं. आणि सारख्या उलट्या होत असतील तर थांबू नका. बी-१ जीवनसत्त्व झपाट्यानं कमी होऊन मेंदूला आणि नसांना इजा होऊ शकते.

बायपास झालेल्यांनी अंगदुखीवर मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो. दारू पटकन चढते आणि काहींना नव्यानं तिची सवय लागते, हेही उघड बोललं पाहिजे.

कोणाचा निर्णय?

एक नाजूक गोष्ट. लग्न जमत नाही म्हणून आईवडील मुलीला घेऊन येतात. बोलतात तेच, मुलगी खाली बघून बसते. अशा वेळी आम्ही तिच्याशी एकटीशी बोलतो. तिला मधुमेह असेल, पाळी अनियमित असेल, गुडघे दुखत असतील, आणि तिला स्वतःला हे हवं असेल, तर पुढे जायचं. फक्त स्थळासाठी असेल तर थांबायचं. ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळायची असते, हेही लग्नाची बोलणी करणाऱ्यांना माहीत नसतं. वजन झपाट्यानं उतरताना गर्भाला पोषण कमी पडू शकतं.

वजन उतरल्यावर सगळं आनंदीआनंद असतो असंही नाही. पोटाची, दंडाची कातडी लोंबते. काल न बोलणारे आज कौतुक करतात, त्याचा रागही येतो. दुःखात खाणं हा ज्यांचा आधार होता, त्यांचा तो आधार जातो. म्हणून टीममध्ये समुपदेशक असतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.

प्रश्न : मधुमेह कायमचा बरा होतो का?

आम्ही 'बरा' हा शब्द वापरत नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकनं १५० मधुमेही रुग्णांवर एक अभ्यास केला. पाच वर्षांनी एचबीए१सी ६ किंवा त्याखाली होतं ते फक्त औषधं घेणाऱ्यांपैकी ५ टक्क्यांचं, स्लीव्ह झालेल्यांपैकी २३ टक्क्यांचं आणि बायपास झालेल्यांपैकी २९ टक्क्यांचं. फरक मोठा आहे, पण सगळ्यांचा मधुमेह गेलेला नाही. मधुमेह जितका जुना, तितकी आशा कमी. आणखी एक, ऑपरेशननंतर साखर लगेच उतरते, तेव्हा इन्सुलिनचा जुना डोस चालू ठेवू नका.

प्रश्न : आता इंजेक्शनं आली आहेत. मग ऑपरेशन कशाला?

सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही औषधं खरंच परिणामकारक आहेत. काहींना तीच पुरतील. पण थांबवली की बहुतेकांचं वजन परत वाढतं, म्हणजे तोही लांबचाच रस्ता आहे. वजन फार जास्त असेल तर सरासरी परिणाम ऑपरेशनचा जास्त दिसतो. दोन्ही पर्याय डॉक्टरांपुढे ठेवून विचारा. जो डॉक्टर एकच पर्याय सांगतो, त्याला दुसऱ्याबद्दल विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

प्रश्न : निर्णय किती दिवसांत घ्यावा?

सवलतीच्या पॅकेजची मुदत संपते म्हणून तरी घेऊ नका. आम्ही एक साधी गोष्ट करायला सांगतो. ऑपरेशनच्या आधी एक महिना घास चावून खा, जेवताना पाणी पिऊ नका, आधी प्रथिनं खा, रोज ठरल्या वेळी एक गोळी घ्या आणि अर्धा तास चाला. घरच्यांना सोबत घेऊन. महिना पुरा झाला की या, मग तारखेचं बोलू. कठीण गेला तर तेही सांगा, नेमकं काय अडलं ते आधी सोडवू.