पाठ टेकण्याचे भाडे

मुंबई-गोवे किनाऱ्यावर बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी धावत होत्या, त्या काळी रत्नागिरीच्या उतारूस प्रवासातील दर्जाभेद कोणी समजावून द्यावा लागत नसे. वरच्या वर्गाचे भाडे भरणाऱ्यास मोकळा वारा, बसावयास खुर्ची आणि मामलेदार-वकिलांसारख्या प्रतिष्ठितांचा शेजार लाभे. खालच्या डेकवरील उतारू मात्र हमालाकरवी आगाऊ अडवून ठेवलेल्या जागेवर वळकटी सोडी, पत्र्याची ट्रंक उशाला घेई, आणि बोट लागली नाही तर भगवती बंदर येईतो पाय पसरून घोरत पडे. (बंदरात पडावात उतरताना दोन्ही वर्ग सारखेच भिजत, ही गोष्ट वेगळी.) हे आज सांगण्याचे कारण असे की, आडवे होऊन पाठ टेकण्याचा जो हक्क त्या डेकवर सर्वांत हलक्या तिकिटाबरोबर आपसूक मिळे, तोच आकाशमार्गे जाताना तिप्पट-चौपट, प्रसंगी त्याहूनही अधिक भाडे मोजून विकत घ्यावा लागतो, आणि ‘बिझनेस क्लास’ नामक संस्थेवरील भरजरी वेष्टने एकामागून एक उतरवली, तर हाती जे सार उरते ते एवढेच.

रत्नागिरीकरांचा या संस्थेशी परिचय बहुधा वार्धक्यात होतो. चिरंजीव अमेरिकेत स्थायिक झालेले असतात, सूनबाईंचे बाळंतपण जवळ आलेले असते, आणि इकडे निवृत्त मास्तरांनी नेहमीच्या वर्गाची तिकिटे काढण्याची तजवीज चालवली असता तिकडून फोन येतो, “बाबा, पंधरा तास आईला त्या गुडघ्यांनिशी बसवून आणणार का तुम्ही?” या प्रश्नापुढे काटकसरीचे सारे तत्त्वज्ञान निरुत्तर होते. गावालगत विमानतळ आहे खरा, पण तेथे तटरक्षक दलाचा अंमल. तेव्हा या राजेशाही प्रवासाचा आरंभ कोकण रेल्वेच्या डब्यात, पिशव्या बाकाखाली सरकवूनच होतो.

विमानप्रवास हाच मुळी एके काळी संपूर्णपणे वरचा वर्ग होता. 1946 साली बॉबी कूका यांच्या कल्पनेतून आणि उमेश राव यांच्या कुंचल्यातून एअर इंडियाचा महाराजा अवतरला. 8 जून 1948 रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टलेशन विमान मुंबईहून कैरो-जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा त्यात बसणारा प्रत्येक जण त्या महाराजाचा पाहुणाच असे. 1952 मध्ये अटलांटिकवर स्वस्त टुरिस्ट वर्ग सुरू झाला आणि पंक्तिभेदास प्रारंभ झाला. पुढे जंबो विमाने आली, सवलतीच्या तिकिटांचा सुकाळ झाला, आणि कंपनीच्या खर्चाने पूर्ण भाडे भरणाऱ्या व्यापाऱ्याच्या लक्षात आले की शेजारी बसलेला सहलवाला निम्म्या पैशात तेच जेवण जेवत आहे. ही तक्रार मिटवण्यासाठी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पहिला वर्ग आणि सामान्य वर्ग यांच्यामध्ये एक पडदा ओढून तिसरी पंगत मांडण्यात आली. क्वांटास कंपनीने 1979 साली तिला बिझनेस क्लास हे नाव दिले.

आरंभी तेथे नुसती रुंद खुर्ची असे. श्रीमंती म्हणजे गप्पागोष्टी असे मानणारा तो जमाना होता. एअर इंडियाच्या 1971 सालच्या ‘एम्परर अशोका’ या जंबोत वरच्या मजल्यावर उतारूंसाठी चक्क बैठकीचे दालन होते. ब्रिटिश एअरवेजने 2000 साली या वर्गात पूर्ण सपाट होणारी शय्या आणली आणि बैठकीचे युग संपले. विमानातील सधन मनुष्याला आता कोणाशी बोलावयाचे नसते, निजावयाचे असते.

मुंबईच्या विमानतळावर या उतारूंसाठी वेगळी खिडकी, वेगळी रांग आणि विश्रांतीसाठी ‘लाउंज’ नावाचे दालन असते. तेथील खाद्यपदार्थांच्या दर्शनाने हुरळून जाऊ नये. आकाशात पुन्हा जेवावयाचे आहे. सामानाची मुभा अमेरिकेच्या मार्गावर साधारणतः बत्तीस किलोंच्या दोन बॅगांची असते, आणि हा आकडा ऐकताच प्रत्येक रत्नागिरीकराच्या मनात हापूसची पेटी उभी राहते. येथे मात्र वर्गाचा इलाज चालत नाही. उतारूच्या सामानातून आंबा अमेरिकेत नेण्यास मनाई आहे. 2007 साली तेथील सरकारने भारतीय आंब्यास दार उघडले ते विकिरणप्रक्रिया केलेल्या, दाखलेबंद व्यापारी मालापुरतेच. त्यामुळे मास्तर वर दुलईत रिकाम्या हाताने निजलेले आणि रीतसर कागदपत्रे असलेला आंबा त्यांच्याच पाठीखाली मालाच्या कोठारात बसलेला, असा प्रसंग ऐन हंगामात अगदीच असंभाव्य नाही.

आता त्या आसनाकडे वळू, कारण सारा पैसा तेथेच मुरलेला असतो. एअर इंडियाच्या एअरबस ए-350 विमानांत, जी 2024 च्या जानेवारीपासून सेवेत आली, सामान्य वर्गाच्या एका ओळीत नऊ माणसे बसतात. त्याच रुंदीत बिझनेस क्लासची चारच. एकूण 316 जागांपैकी या वर्गाच्या 28. आसने सरळ रेषेत नसतात, कण्यापासून फुटलेल्या माशाच्या काट्यांसारखी तिरपी मांडलेली असतात. आणि त्या तिरकेपणातच कारागिराचे कसब आहे, कारण त्यामुळे आपले पाय पुढच्या आसनालगतच्या मेजाखालील खोबणीत शिरतात आणि साडेसहा फुटांची शय्या तेवढी जागा न अडवताच तयार होते. बाजूच्या कळा दाबल्या की आतील विजेच्या मोटारी हलकेच गुरगुरतात, पाठ मागे कलते, बैठक पुढे सरकते, पायांकडची फळी येऊन मिळते आणि तीन तुकड्यांचा एक पाट होतो. त्या पाटावर पातळ गादी अंथरून मिळते. न मिळाल्यास संकोच न करता मागावी. खांद्याकडे जागा ऐसपैस आणि पायांकडे चिंचोळी, ही या रचनेची खोड आहे; कुशीवर वळून गुडघे पोटाशी घेणाऱ्याची थोडी पंचाईत होते. तिरप्या आसनांच्या कमरपट्ट्यात पुष्कळदा हवेची पिशवी दडवलेली असते, म्हणून तो अंमळ जाड लागतो. आणि उड्डाण व अवतरणाच्या वेळी खुर्ची सरळ करावी लागते, मग आत झोपलेला मनुष्य कोणीही असो.

भोजनाची सरबराई थाटाची असते: पांढरे वस्त्र, चिनी मातीची भांडी, एकामागून एक येणारे पदार्थ. परंतु हे अन्न जमिनीवरील स्वयंपाकघरात शिजते, झपाट्याने थंड केले जाते आणि विमानात केवळ पुन्हा तापवले जाते, हे विसरू नये. शिवाय आपली जीभही तेथे आपली राहत नाही. केबिनमधील दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या गावासारखा ठेवलेला असतो (आपले महाबळेश्वर साडेचार हजारांच्या आतच आहे), आणि हवा इतकी कोरडी की कोकणच्या दमटपणात वाढलेल्या घशाला ती वाळवंटच वाटावी. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने लुफ्तान्सा कंपनीसाठी 2010 च्या सुमारास केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, अशा हवेत मीठ आणि साखर यांची चव बरीच मंदावते, आंबटपणाची मात्र फारशी कमी होत नाही. हा निष्कर्ष वाचल्यापासून माझे असे ठाम मत झाले आहे की, विमानकंपन्यांनी त्या परदेशी सूपांचा नाद सोडून वाटीभर ऊन आमसुलाचे सार द्यावे. ते होईल तेव्हा होवो. तोवर शाकाहारी किंवा जैन जेवण हवे असल्यास निदान चोवीस तास आधी नोंदवावे, आणि फुकट आहे म्हणून मद्य न घेता पाणी प्यावे. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: विमानतळावर चाकाची खुर्ची कोणत्याही वर्गाच्या उतारूस, आगाऊ कळवल्यास, मिळते, तिच्यासाठी एवढे भाडे भरण्याचे कारण नाही.

नावाच्या साम्याने मात्र फसू नये. मुंबई-दिल्लीसारख्या देशी फेरीवर याच नावाखाली बहुधा एक रुंद, थोडी मागे कलणारी खुर्ची मिळते. दोन तासांच्या त्या प्रवासात तिच्यापायी पैसे मोजणे हा माझ्या मते शुद्ध हौसेचा मामला होय. परदेशी मार्गांवरही जुन्या विमानातील आणि नव्या विमानातील आसनांत पुष्कळ अंतर असते, सबब तिकिटापूर्वी विमानाच्या जातीची आणि आसनांच्या मांडणीची खातरजमा करून घ्यावी.

आणि दोन्ही दिशांचे भाडे झेपत नसेल, तर रात्री निघणाऱ्या लांबच्या फेरीचे घ्यावे, दिवसाच्या फेरीचे सोडावे. जागेपणी बसणे कोणालाही जमते. चिरंजीव अर्थात दोन्हीकडचे काढतात. मास्तर किंमत विचारतात, आणि त्या एका प्रश्नाला अमेरिकेतून अद्याप कोणाच्याही मुलाने सरळ उत्तर दिल्याचे ऐकिवात नाही.