गोठ्यातील बदलते नाते आणि आपले उत्तरदायित्व

श्रावण अमावास्येला महाराष्ट्राच्या मोठ्या भागात पोळा साजरा होतो. आदल्या दिवशी जुवाने घट्टे पडलेल्या बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळली जाते, त्यांना जेवणाचे निमंत्रण दिले जाते आणि सणाच्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवले जात नाही. वर्षभर घेतलेल्या श्रमांची ही जाहीर पोचपावती होय. ज्याच्या घरी बैल नाही त्याने मातीच्या बैलांची पूजा करावी, ही प्रथा जुनीच आहे. परंतु आज अनेक शेतकऱ्यांच्या घरीही मातीचेच बैल पुजले जातात. हा बदल केवळ सणापुरता नाही. मनुष्य आणि पाळीव पशू यांच्यातील नात्याचा आधारच बदलत असल्याचे ते लक्षण आहे.

आकडे काय सांगतात?

२०१२ च्या पशुगणनेत देशातील गोवंशातील नरांची संख्या सुमारे ६.७९ कोटी होती. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत ती सुमारे ४.७४ कोटींवर आली. म्हणजे ७ वर्षांत सुमारे ३० टक्के घट झाली. याच काळात गाईंची संख्या मात्र १८ टक्क्यांनी वाढून १४.५१ कोटींवर पोहोचली. निसर्गनियमानुसार गाईच्या पोटी कालवडी आणि गोऱ्हे जवळजवळ सारख्याच प्रमाणात जन्माला येतात. मग हे गोऱ्हे जातात कोठे, हा प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते. त्याच गणनेत देशात ५० लाखांहून अधिक मोकाट गुरे आढळली, ही बाबही येथे लक्षात घेतली पाहिजे.

बदलाची कारणे

नांगर, मोट आणि गाडी ही बैलाची तीन प्रमुख कामे होती. ती अनुक्रमे ट्रॅक्टर, विजेचा पंप आणि मालमोटार यांनी घेतली. दुसरीकडे १९७० मध्ये सुरू झालेल्या दुग्धविकासाच्या ‘ऑपरेशन फ्लड’ योजनेने दुधाला बाजारपेठ मिळवून दिली. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ संस्थेसारख्या संस्थांनी संकरित गाय आणि कृत्रिम रेतनाची सोय शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेली. अनेक अल्पभूधारक कुटुंबांना दुधाच्या पैशाने आधार दिला, हे निर्विवाद आहे.

तथापि, या प्रगतीची एक दुसरी बाजूही आहे. संकरित गोऱ्ह्याला वशिंड अल्प असते, त्यामुळे जू नीट बसत नाही. आणि उन्हाचा तापही त्याला फारसा सोसत नाही. खिल्लार, डांगी, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ या आपल्या जातींचा गोऱ्हा म्हणजे उद्याचा बैल होता. संकरित गोऱ्हा मात्र जन्मतःच बिनकामाचा ठरतो. म्हशीच्या नर रेडकाचीही पुष्कळ ठिकाणी उपेक्षाच होते.

२०१५ च्या दुरुस्तीनंतर राज्यात गाईबरोबर वळू आणि बैल यांच्या कत्तलीसही मनाई आहे. त्यामुळे अनुत्पादक जनावर आयुष्यभर पोसणे हा आता एक स्वतंत्र खर्च झाला आहे. तो कोणी सोसावयाचा, याची गावपातळीवर स्पष्टता नसेल तर त्याचा भार मुक्या जनावरावर पडतो, आणि पुढे मोकाट गुरांनी पीक खाल्लेल्या शेजारच्या शेतकऱ्यावर पडतो.

कायद्याची भूमिका

आपल्या राज्यघटनेने या प्रश्नाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. अनुच्छेद ४८ पशुसंवर्धन आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने करण्यास सांगतो. तर १९७६ मध्ये समाविष्ट झालेला अनुच्छेद ५१-क सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य मानतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमानुसार जनावराच्या स्वास्थ्याची काळजी घेणे हे ते बाळगणाऱ्याचे कर्तव्य आहे. हालचालीस पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हाही त्याच अधिनियमाखाली गुन्हा आहे. पिंजऱ्यातील कुक्कुटपालनाकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा उद्रेक झाला, तेव्हा लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. दाटीवाटीने ठेवलेल्या पक्ष्यांत एकदा रोग शिरला की तो किती झपाट्याने पसरतो, हे त्या घटनेने दाखविले.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या निकालात प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा पुरस्कार केला. भूक-तहान, गैरसोय, वेदना व रोग, आणि भीती यांपासून मुक्ती ही त्यांतील चार होत. स्वाभाविक वर्तनाची मोकळीक हे पाचवे. हे निकष गोठ्याला लावणे कठीण नाही. दावणीची लांबी पुरेशी आहे काय, पाणी दिवसभर मिळते काय, गोऱ्ह्याला चीक पाजला जातो काय, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो.

गावाने काय करावे?

१८७१ च्या कायद्याने कोंडवाड्याची व्यवस्था घालून दिली, तेव्हा प्रत्येक जनावराला मालक असतो, आणि तो न आल्यास लिलावात घेणारा तरी मिळतो, हे गृहीत होते. आज ते गृहीतक ढासळले आहे. म्हणून पंचायतीने जनावरांच्या जन्माची आणि मालकीची नोंद अद्ययावत ठेवणे अगत्याचे आहे. कानातील बिल्ल्याची त्या कामी मदत होते. गायरान अतिक्रमणमुक्त ठेवून त्याच्या काही भागावर चारा वाढविता येईल. वृद्ध जनावरही शेण देतेच. त्यावर गोबरगॅस व कंपोस्ट यांची जोड दिल्यास पोषणाचा सर्व खर्च भरून येणार नाही. पण भार काहीसा हलका होईल.

लिंगनिश्चित रेतमात्रांच्या वापराने सुमारे ९० टक्के कालवडी जन्मतात. त्यामुळे नको असलेल्या गोऱ्ह्यांचा प्रश्न मुळातच कमी होऊ शकतो. या सोयीची माहिती पशुवैद्यकीय दवाखान्यातून गोपालकांपर्यंत पोहोचली पाहिजे. २०२२ च्या लम्पी साथीत राज्यभर लसीकरणाची मोहीम राबविली गेली, तेव्हा गावोगावचे गोठे शासनयंत्रणेच्या आवाक्यात असल्याचे दिसून आले. तीच यंत्रणा याही कामी उपयोगी पडेल.

अधिकाऱ्यांनी योजनेचे यश मोजताना लिटरच्या आकड्याशेजारी जनावरांच्या आयुर्मानाचाही रकाना ठेवावा. शिक्षकांनी मुलांकडून गावातील गाई, बैल व वासरांची गणना करवून घ्यावी. गणिताच्या त्या धड्यातून एक प्रश्न आपोआप पुढे येईल: आपल्या गावात गतवर्षी जन्मलेले गोऱ्हे आज कोठे आहेत? ज्या गावाला या प्रश्नाचे उत्तर संकोच न बाळगता देता येईल, त्या गावाने पोळा खऱ्या अर्थाने साजरा केला, असे म्हणता येईल.