मागुराच्या कवटीतलं हाड : जुळलं, गेलं की बदललं?

तुलनात्मक शरीररचना शिकायला फार लांब जायची गरज नाही. पुसद किंवा उमरखेडच्या बाजारातून एक रोहू आणि एक मागूर आणा, डोकी उकळून हाडं साफ करा आणि शेजारी शेजारी ठेवा.

हेच दोन मासे का? दोघांतही वाताशयाला आतल्या कानाशी जोडणारी वेबेरियन हाडं असतात. म्हणजे दोघे एकाच मोठ्या गटातले, ऑस्टॅरिओफायसी. म्हणूनच रोहूतलं एखादं हाड मागुरात दिसलं नाही, तर ‘ते कुठं गेलं?’ हा प्रश्न रास्त ठरतो. उत्तरं तीन प्रकारची आहेत.

१. जुळलं : रोहूच्या कवटीच्या छतावर पॅरायटल हाडांची जोडी वेगळी दिसते. मागुरात तिथं सुप्राऑक्सिपिटलची एकच मोठी पाटी असते. पॅरायटल त्यातच मिसळलं असं मानणारे अभ्यासक तिला ‘पॅरायटो-सुप्राऑक्सिपिटल’ म्हणतात. म्हणजे नाव निवडलं की गृहीतकही निवडलं जातं!

२. गेलं : रोहूच्या कल्ल्याच्या झाकणात चार हाडं मोजता येतात. मागूर, शिंगी, शिवडा यांत तीनच, सबऑपर्कल नाही.

३. बदललं : मॅक्सिला हे खरं तर वरच्या जबड्याचं हाड. मागुरात ते छोटं होऊन मिशीचा आधार बनलंय. चिली-अर्जेंटिनातल्या डिप्लोमिस्टिडी कुळात मात्र या हाडावर आजही दात आहेत. त्यामुळे मिशीवाल्या माशांच्या पूर्वजांतही ते असावेत, असा अंदाज बांधता येतो.

आता हे संशोधनात कुठं अडतं? वंशवृक्षासाठी लक्षणांचा तक्ता भरताना पॅरायटल आणि सबऑपर्कल दोन्हींपुढे ‘अनुपस्थित’ लिहिलं, तर जुळणं आणि नाहीसं होणं या दोन वेगळ्या घटना एकाच खान्यात जातात. पुढचं विश्लेषण कितीही भारी असो, ही गफलत ते दुरुस्त करत नाही.

म्हणून फक्त मोठ्या माशावर विसंबू नका. वाढत्या वयात हाडांमधल्या शिवणी पुसट होतात. वेगवेगळ्या आकाराची बोटुकली घ्या. अल्सियन ब्ल्यूने कूर्चा निळी आणि अलिझरिन रेडने हाड लाल रंगवा, मग हाड कुठून वाढायला लागतं ते पाहा. संवेदी नलिका कोणत्या हाडातून जाते तेही नोंदवा. आणि एवढं करूनही ठरत नसेल, तर ‘अनुपस्थित’ऐवजी ‘प्रौढ नमुन्यात स्वतंत्र दिसत नाही’ एवढंच लिहा.