गाडीतला चारपायी प्रवासी

मे महिन्याची सुटी जवळ आली की दवाखान्यात येणाऱ्या मंडळींच्या प्रश्नांचा नूर बदलतो. घाटात गाडी लागू नये म्हणून गोळी द्या, लहानग्याला बाहेरचे पाणी चालेल का, हे नेहमीचे प्रश्न. अलीकडे त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "डॉक्टर, चार दिवस मालवणला जायचंय, कुत्र्यालाही बरोबर न्यावं म्हणतो. चालेल ना?"

पूर्वी घरचा कुत्रा वाड्याच्या दाराशी, नाहीतर मळ्यातल्या वस्तीवर असे. घरची माणसे परगावी गेली तर शेजारी त्याला भाकरी टाकत. आता तो फ्लॅटमध्ये सोफ्यावर आणि मुलांच्या अंथरुणात आहे, सुटीत शेजाऱ्यांच्याही दाराला कुलूप असते आणि खाली चारचाकी उभी असते. तेव्हा कुत्रा गाडीत बसणार हे ओघानेच आले.

मी पशुवैद्य नाही. कुत्र्याला कोणते औषध किती द्यावे हे मला विचारू नये, आणि विचारले तरी मी सांगणार नाही. पण एका बंद गाडीत पाच-सहा तास आजी, नातवंडे, गरोदर सून आणि कुत्रा एकत्र बसणार असतील, तर त्या कुत्र्याचे आरोग्य हा त्या कुटुंबाच्या डॉक्टरचाही विषय होतो.

तयारीला सुरुवात रेबीजच्या लशीपासून करावी. पिलाला ही लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर देतात आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे, बहुधा दरवर्षी, ती पुन्हा टोचावी लागते. पहिली लस दिल्यावर तिचा पुरेसा परिणाम दिसायला तीन-चार आठवडे जातात. म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी घाईघाईने सुई टोचून आणली तर त्या सहलीपुरता तिचा भरवसा धरता येत नाही. महिनाभर आधी पशुवैद्यांकडे जावे आणि लसीकरणाचे कार्ड गाडीच्या कप्प्यात ठेवावे. कोकणात जायचे असेल तर लेप्टोच्या लशीचीही चौकशी करावी.

प्रवासात कुत्र्यालाही आपल्यासारखीच गाडी लागते, पिलांना तर फारच. निघण्यापूर्वी चार-सहा तास पोटभर खायला देऊ नये, पाणी मात्र द्यावे. आपल्या पाकिटातली उलटीची गोळी मोडून अर्धी कुत्र्याला देण्याचा उद्योग करू नये. आपण तापाला घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराच्या जिवावर बेतते. आयब्युप्रोफेन कुत्र्याला विषासारखे बाधते. वाटेतल्या हॉटेलातली कांदाभजी, चॉकलेट आणि मनुकेही त्याला घालू नयेत. मुले प्रेमाने भरवतात, तेव्हा मुलांना हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

कुत्र्याला मांडीवर घेऊन गाडी चालवणारे लोक मी पाहिले आहेत. अचानक ब्रेक दाबावा लागला तर मोकळा कुत्रा फेकला जातो आणि पुढच्या माणसावर आदळतो. त्याची जागा मागच्या सीटवर, पट्ट्याने बांधून, किंवा पेटीत असावी. पुढच्या सीटवर एअरबॅग उघडली तर तिचा तडाखाच त्याला पुरेसा आहे. खिडकीबाहेर डोके काढलेला कुत्रा फोटोत छान दिसतो, पण उडून आलेला खडा किंवा किडा डोळ्यात गेला की सहल तिथेच संपते.

घरात कोणाला दमा असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. मांजराच्या किंवा कुत्र्याच्या अंगावरून सुटणारे सूक्ष्म कण घरात इतके त्रास देत नाहीत, पण काचा बंद करून एसी लावला आणि आतलीच हवा फिरत राहिली की तेच कण पुन्हा पुन्हा नाकात जातात. अशा रुग्णाने आपला पंप हाताशी ठेवावा, सामानाच्या तळाशी नव्हे. गरोदर स्त्रीने मांजराची घाण स्वतः काढू नये. तिच्यातून टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू पोटात गेला तर गर्भाला अपाय होऊ शकतो. तसेही माझे मत विचाराल तर मांजराला प्रवासाला नेऊच नये. मांजर माणसापेक्षा घराला धरून असते. कोणी दोन वेळा दूध-पोळी घालणारे मिळाले तर ते घरीच सुखात राहील.

आता सर्वांत महत्त्वाचे. बंद गाडी.

गणपतीपुळ्याला किंवा जोतिबाला पोचल्यावर कुत्र्याला देवळात नेता येत नाही. मग त्याला गाडीत ठेवून, काच दोन बोटे खाली करून मंडळी म्हणतात, "पाचच मिनिटांत दर्शन घेऊन येतो." पाच मिनिटांत दर्शन झालेले मला तरी आठवत नाही. रांग, नारळ, प्रसाद, ओळखीचे कोणी भेटले की चार शब्द, असा पाऊण तास सहज जातो.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी उन्हात उभ्या केलेल्या गाडीतले तापमान मोजून २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांचा विषय लहान मुलांचा होता, पण गाडी तीच आणि ऊनही तेच. बाहेर हवा २२ अंश सेल्सिअस असो की ३६, गाडीतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढले. त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच दीड इंच उघडी ठेवूनही फारसा फरक पडला नाही. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ३६ अंश असतील तर तासाभरात आत ५८ अंशांची भट्टी होते, हे ज्याने-त्याने स्वतः करून पाहण्याजोगे गणित आहे.

माणसाला सर्वांगाला घाम येतो. तो वाळतो आणि अंग थंड राहते. कुत्र्याला घाम फक्त पंजांच्या तळव्यांना, तोही थोडासा येतो. त्याचा सारा भरवसा जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. पण बंद गाडीतली हवा तापलेली आणि त्याच्याच श्वासाने दमट झालेली असते, त्यामुळे धापा टाकूनही अंग निवत नाही. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते. ते १०६ च्या वर गेले की मेंदू, आतडी, मूत्रपिंडे यांना इजा होऊ लागते. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या, तसेच म्हाताऱ्या आणि लठ्ठ कुत्र्यांना हे फार लवकर होते.

जोराची धाप, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या, उलटी ही लक्षणे दिसली की त्याला तात्काळ सावलीत न्यावे आणि पोट, जांघा, पाय यांवर साधे पाणी ओतत राहावे. बरोबर वारा घालावा. ओला टॉवेल गुंडाळून तसाच ठेवू नये, त्याखाली उष्णता कोंडते. शुद्ध असेल तर घोट-घोट पाणी द्यावे, नसेल तर तोंडात एक थेंबही ओतू नये, ते फुप्फुसात जाते. अंग निवायला लागले की पशुवैद्यांकडे न्यावे, तेही एसी लावलेल्या गाडीतून.

उपाय साधा आहे. दोन गट करून दर्शनाला जावे आणि एका गटाने कुत्र्याजवळ झाडाखाली बसावे. डांबरी रस्त्यावर त्याला चालवण्यापूर्वी आपल्या हाताची मागची बाजू सात-आठ सेकंद रस्त्यावर टेकवून पाहावी. आपल्याला चटका बसला तर त्यालाही बसणार. आणि झोपलेल्या लहान मुलालाही गाडीत एकटे ठेवू नये, हे या निमित्ताने सांगून टाकतो.

आता थांब्यांविषयी. प्रत्येक ढाब्यावर तिथली चार कुत्री असतात आणि परका कुत्रा उतरला की ती अंगावर येतात. भांडण सोडवायला मालक मध्ये हात घालतो आणि दात त्याला लागतात. कोणाचा दात लागला, आपल्या कुत्र्याचा की परक्याचा, हेही त्या गोंधळात कळत नाही.

जखम लहान असो वा मोठी, ती साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पंधरा. नळ नसेल तर बाटल्यांनी पाणी ओतावे. रेबीजचा विषाणू जखमेतच धुऊन काढण्याची ही संधी पुन्हा मिळत नाही. त्यावर हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काही लावू नये. त्यानंतर जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. दंडात घेण्याच्या लशीचे दिवस पहिला म्हणजे शून्य, मग ३, ७, १४ आणि २८ असे असतात. त्वचेत घेण्याच्या पद्धतीत शून्य, ३, ७ आणि २८. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. ते लहान केंद्रात नसेल तर जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठावे. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात या भीतीने अजूनही काही मंडळी दुखणे लपवतात. ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली.

चावणारा कुत्रा दहा दिवस ठणठणीत राहिला तर पुढची काही इंजेक्शने द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवू शकतात. पण फोंडा घाटाखालच्या ढाब्यावरचा कुत्रा दहा दिवस पाहायला कोण थांबणार? म्हणून प्रवासात वाट पाहण्याचा प्रश्नच नाही, लस पूर्ण करावी. सहल आटोपून घरी गेल्यावर बघू, हेही नको. शिकत असताना एका सरकारी रुग्णालयात मी पाण्याचा पेला पाहून गळा आवळून घेणारा, पूर्ण शुद्धीवर असलेला तरुण पाहिला आहे. लक्षणे सुरू झाल्यावर या रोगात डॉक्टरच्या हातात जवळजवळ काही राहत नाही. आपल्या कुत्र्यालाही चावा बसला असेल तर हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला घालून त्याची जखम धुवावी. त्याची लस झालेली असली तरी पशुवैद्यांना दाखवावे.

कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गात जाणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात आढळलेला माकडताप २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात मोठ्या प्रमाणावर दिसला. तो गोचिडीतून येतो आणि त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपल्या सुटीचा. कुत्र्याला काजूच्या बागेत, जंगलात मोकळे सोडले की तो गोचीड अंगावर घेऊन थेट आपल्या अंथरुणापर्यंत येतो. रोज संध्याकाळी त्याचे कान, मान, पंजांच्या बेचक्या पाहाव्यात. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, उघड्या बोटांनी चिरडू नये, रॉकेल ओतू नये. निघण्यापूर्वी पशुवैद्यांकडून गोचिडीचे औषध घेतले तर निम्मे काम होते. पावसाळ्यात गेलात तर लेप्टोचा धोका. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या आणि कुत्र्यांच्याही मूत्रातून हा जंतू येतो. पायाला जखम असताना त्या पाण्यात उतरू नये आणि कुत्र्यालाही डबक्यातले पाणी पिऊ देऊ नये.

रेल्वेने जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की कुत्र्याला स्लीपरच्या किंवा टू टियर, थ्री टियर एसीच्या डब्यात नेता येत नाही. पहिल्या वर्गाचा पूर्ण कूपे किंवा केबिन आपल्या नावे असावे लागते, नाहीतर गार्डाच्या डब्यातली पेटी. उन्हाळ्यात त्या पेटीत पाठवण्यापेक्षा त्याला घरी ठेवलेले बरे.

अमेरिकेत कुत्र्या-मांजरांसह आठवडेच्या आठवडे मोटारघरात हिंडणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. आपल्याकडेही महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आत पलंग, शेगडी, पंखा सगळे असल्याने कुत्र्याला तिथे एकटे सोडून फिरायला जाणे सुरक्षित वाटते. पण इंजिन बंद झाले, जनरेटर थांबला किंवा वीज गेली की एसीही थांबतो, आणि पत्र्याची ती पेटी मघाच्या गाडीसारखीच तापते. रात्री जनरेटर दाराखिडकीजवळ चालू ठेवून झोपू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. उसाच्या शेताकडेला किंवा जंगलालगत मुक्काम असेल तर कुत्र्याला रात्री बाहेर बांधू नये. बिबट्याला कुत्र्याची शिकार सोपी वाटते, आणि त्याला हुसकायला धावणारा माणूसही संकटात सापडतो.

परत आल्यावर तीन-चार आठवड्यांत घरात कोणाला थंडी वाजून ताप, पिंढऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले, तर साधा ताप समजून दुकानातून गोळी आणू नये. डॉक्टरकडे जाताना आपण कुठे गेलो होतो, कोणत्या पाण्यात उतरलो, अंगावर गोचीड सापडली होती का आणि बरोबर कुत्रा होता का, हे त्यांनी विचारण्याची वाट न पाहता आधीच सांगावे.