वेगाला लगाम

सायंकाळी शाळा सुटल्यावर कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी क्षणभर उभे राहिले, की राजवाड्याकडे जाणाऱ्या दुचाक्यांचा ओघ दृष्टीस पडतो. त्यात विजेच्या स्कूटरवर बसलेले आमचे विद्यार्थीही असतात. त्यांतील एकाने परवा वर्गात विचारले, "सर, आमची गाडी पंचविसाच्या पुढे जातच नाही. कारागीर म्हणतो, एक तार काढली की पळेल. काढावी काय?" हा मोह एकट्याचा नव्हे, म्हणून त्याचा येथे विचार करू.

यंत्राचा वेग आवरण्याची कल्पना जुनी आहे. 1788 साली जेम्स वॅटने वाफेच्या इंजिनास दोन फिरत्या गोळ्यांचा नियामक जोडला. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात व वाफेची झडप आपोआप आवळली जाई. आजचा इलेक्ट्रॉनिक वेगमर्यादक हेच कार्य करतो. मात्र गोळ्यांच्या जागी संवेदक आणि संगणक आले आहेत. पेट्रोलच्या मोटारसायकलीत चाकाच्या फेऱ्या मोजल्या जातात आणि ठरलेली सीमा येताच इंधन किंवा ठिणगी रोखली जाते. विजेच्या स्कूटरमध्ये नियंत्रक मोटरकडे जाणारा विद्युत्प्रवाह कमी करतो. तो ब्रेक लावीत नाही, एवढे ध्यानात असावे. उतारावर गाडी सीमेपलीकडेही धावू शकते.

आता 25 हा आकडा कोठून आला? आपल्या देशातील नियमांनुसार जिची मोटर 250 वॅटहून कमी शक्तीची, वेग ताशी 25 किलोमीटरहून कमी आणि बॅटरीविरहित वजन 60 किलोग्रॅमच्या आत, अशी मान्यताप्राप्त गाडी 'मोटार-वाहन' गणली जात नाही. म्हणूनच तिला नोंदणी वा परवाना लागत नाही. तार काढली, की ही सवलतही गेली. मग ती नोंदणीविना धावणारे मोटार-वाहन ठरते आणि चालविणारा परवान्याविना असतो. 2019 च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीनाच्या अशा गुन्ह्यासाठी पालकास 3 वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड होऊ शकतो. मौज मुलाची, शिक्षा बापाची!

परंतु कायद्याहून कठोर नियम निसर्गाचा आहे. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी 25 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे 7 मीटर जाते, 50 ने सुमारे 14. समोर मूल आले, हे ध्यानात येईपर्यंतच इतके अंतर सरते. त्यापुढे ब्रेक लावल्यावर थांबण्यासही चौपट अंतर लागते. आणि त्या गाडीचे ब्रेक तर कमी वेगासाठीच घडविलेले असतात.

वेगाची परीक्षा पाहण्यास जागा आहे. आपल्या इंदूरजवळ पीथमपूर येथे 2021 साली 11.3 किलोमीटर लांबीचा चाचणीमार्ग खुला झाला. तेथे समोरून भाजीवाली येत नाही, की शाळेची घंटा होत नाही. कृष्णपुऱ्याचा पूल म्हणजे पीथमपूर नव्हे.

तथापि यंत्रावर सर्व भार टाकूनही चालणार नाही. शाळेच्या दारातील गर्दीत 25 चा वेगही अधिकच. तेथे 5 चा हवा, हे कोणत्याही नियंत्रकास कळत नाही. ते कळते चालविणाऱ्यास. म्हणून त्या विद्यार्थ्यास आम्ही इतकेच सांगितले : तार राहू दे, आणि तिच्या जोडीला दुसरा लगाम स्वतःच्या हाती ठेव.